सरकारी रोखे आणि ट्रेझरी बिले : वैयक्तिक गुंतवणूकदारांसाठी माहिती

करांतून व अन्य मार्गांनी मिळणाऱ्या उत्पन्नापेक्षा सरकारचा खर्च अधिक असतो, तेव्हा ही तूट मुख्यत्वे बाजारातून कर्ज उभारून भरून काढली जाते. या कर्जाच्या बदल्यात दिली जाणारी कर्जपत्रे म्हणजे सरकारी रोखे होत. केंद्र आणि राज्य सरकारांच्या वतीने त्यांची विक्री, नोंदणी, व्याजवाटप आणि परतफेड ही कामे भारतीय रिझर्व्ह बँक पाहते. प्रदीर्घ काळ या रोख्यांचे खरेदीदार बँका, विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी हेच होते. गेल्या दोन दशकांत टप्प्याटप्प्याने हा बाजार सामान्य नागरिकांसाठी खुला करण्यात आला असून आज किमान दहा हजार रुपयांपासून त्यात थेट गुंतवणूक करता येते.

सरकारी रोखे हे सर्वाधिक सुरक्षित गुंतवणूक मानले जातात. मात्र ही सुरक्षितता नेमकी कशाची, हे समजून घेतल्याविना केलेली खरेदी गैरसोयीची ठरू शकते. मुदतपूर्तीच्या दिवशी पूर्ण रक्कम मिळेल, याची हमी सरकार देते. त्यापूर्वी रोखा विकावा लागल्यास किती रक्कम मिळेल, याची हमी कोणीही देत नाही.

रोख्यांचे प्रकार

सरकारी रोख्यांचे मुदतीनुसार दोन मुख्य वर्ग पडतात. एक वर्षापेक्षा कमी मुदतीची कर्जपत्रे ट्रेझरी बिले अर्थात कोषागार हुंड्या या नावाने ओळखली जातात. ती केवळ केंद्र सरकार काढते. ९१ दिवस, १८२ दिवस आणि ३६४ दिवस अशा त्यांच्या तीन मुदती आहेत. ट्रेझरी बिलावर व्याज दिले जात नाही. ते दर्शनी मूल्यापेक्षा कमी किमतीला विकले जाते आणि मुदत संपताच दर्शनी मूल्याएवढी रक्कम परत मिळते. या दोन रकमांतील फरक हाच गुंतवणूकदाराचा लाभ होय.

एक वर्ष किंवा त्याहून अधिक मुदतीच्या रोख्यांना दिनांकित रोखे म्हणतात. त्यांवर सामान्यतः दर सहा महिन्यांनी व्याज दिले जाते. व्याजाचा हा दर कूपन दर म्हणून ओळखला जातो. मुदती वेगवेगळ्या असतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रथमच ५० वर्षे मुदतीचा रोखा विक्रीस आणला.

राज्य सरकारेही अशाच प्रकारे कर्ज उभारतात. महाराष्ट्र, गोवा आणि अन्य राज्यांचे हे रोखे राज्य विकास कर्जरोखे या नावाने परिचित आहेत. त्यांवरील परतावा समान मुदतीच्या केंद्रीय रोख्यांपेक्षा साधारणतः थोडा अधिक असतो. मात्र त्यांची खरेदी-विक्री केंद्रीय रोख्यांच्या मानाने कमी होते.

रोख्याचे नाव कसे वाचावे

प्रत्येक दिनांकित रोख्याच्या नावातच त्याची प्रमुख माहिती सामावलेली असते. '७.१० टक्के जीएस २०३४' या नावातील पहिला आकडा वार्षिक कूपन दर दर्शवतो, 'जीएस' ही अक्षरे केंद्र सरकारचा रोखा असल्याचे सांगतात आणि अखेरचा आकडा मुदतपूर्तीचे वर्ष दाखवतो. या रोख्याचे एक लाख रुपये दर्शनी मूल्य धारण करणाऱ्यास दरवर्षी ८ एप्रिल आणि ८ ऑक्टोबर रोजी प्रत्येकी ३,५५० रुपये व्याज मिळते आणि ८ एप्रिल २०३४ रोजी एक लाख रुपये परत मिळतात.

कूपन दर दर्शनी मूल्यावर मोजला जातो, खरेदीच्या किमतीवर नव्हे. शंभर रुपयांचा हाच रोखा १०२ रुपयांना घेतला, तर वार्षिक ७.१० रुपये व्याजासाठी १०२ रुपये मोजावे लागतात आणि मुदतीअखेर शंभरच रुपये मिळतात. त्यामुळे प्रत्यक्ष परतावा ७.१० टक्क्यांपेक्षा कमी होतो. शंभरपेक्षा कमी किमतीला घेतल्यास तो वाढतो. म्हणून रोख्यांची तुलना करताना कूपन दराऐवजी मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा पाहिला जातो.

रिटेल डायरेक्ट योजना

लहान गुंतवणूकदारांना लिलावात स्थान देण्याचा प्रयत्न २००२ मध्ये सुरू झालेल्या बिगरस्पर्धात्मक बोलीच्या योजनेपासून होत आहे. तेव्हा बँका आणि प्राथमिक विक्रेते यांच्यामार्फतच बोली लावावी लागे. २०१८ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजार आणि मुंबई शेअर बाजार यांनीही आपापल्या सुविधा उपलब्ध करून दिल्या. त्यानंतर १२ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट योजनेचा प्रारंभ झाला आणि नागरिकांना मध्यस्थाविना थेट रिझर्व्ह बँकेकडे खाते उघडण्याची सोय झाली. या योजनेचे मोबाइल ॲप मे २०२४ मध्ये सुरू करण्यात आले.

भारतात बचत खाते, कायम खाते क्रमांक म्हणजे पॅन, ओळखीचा अधिकृत पुरावा, ई-मेल पत्ता आणि नोंदणीकृत मोबाइल क्रमांक असलेली कोणतीही व्यक्ती हे खाते उघडू शकते. परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार पात्र असलेल्या अनिवासी भारतीयांनाही ही सुविधा आहे. खाते एकट्याच्या किंवा अन्य पात्र व्यक्तीसह संयुक्त नावाने उघडता येते. नोंदणी आणि ओळख पडताळणी इंटरनेटवरूनच होते. त्यानंतर गुंतवणूकदाराच्या नावे गिल्ट खाते तयार होते व खरेदी केलेले रोखे त्यात इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जमा होतात. कागदी प्रमाणपत्र सांभाळण्याची आवश्यकता राहत नाही.

खाते उघडणे, ते चालू ठेवणे आणि लिलावात बोली लावणे यांसाठी शुल्क आकारले जात नाही. रक्कम भरण्याच्या माध्यमाचे शुल्क असल्यास ते मात्र गुंतवणूकदाराला सोसावे लागते. व्याज आणि मुदतपूर्तीची रक्कम संलग्न बँक खात्यात परस्पर जमा होते. खात्यासाठी जास्तीत जास्त दोन व्यक्तींचे नामनिर्देशन करता येते. रोखे तारण ठेवण्याची तसेच अन्य रिटेल डायरेक्ट खातेदारास भेट देण्याची सोयही आहे.

लिलावातील सहभाग

केंद्र सरकारच्या दिनांकित रोख्यांच्या लिलावांचे संभाव्य वेळापत्रक सहा महिन्यांसाठी, तर ट्रेझरी बिलांचे आणि राज्यांच्या रोख्यांचे तीन महिन्यांसाठी आगाऊ जाहीर केले जाते. सर्वसाधारणपणे राज्यांच्या रोख्यांचा लिलाव मंगळवारी, ट्रेझरी बिलांचा बुधवारी आणि केंद्राच्या दिनांकित रोख्यांचा शुक्रवारी होतो. सुटी आल्यास दिवस बदलतो. लिलावानंतरच्या कामकाजाच्या दिवशी व्यवहार पूर्ण होऊन रोखे खात्यात जमा होतात.

बँका आणि वित्तसंस्था लिलावात स्पर्धात्मक बोली लावतात, म्हणजे आपण किती किमतीला वा किती परताव्याला खरेदी करू, हे त्या नमूद करतात. वैयक्तिक गुंतवणूकदाराला असा अंदाज बांधावा लागत नाही. तो केवळ किती दर्शनी मूल्याचे रोखे हवे आहेत एवढेच कळवतो. स्पर्धात्मक गटातील यशस्वी बोलींची भारित सरासरी काढून त्या दराने त्याला वाटप केले जाते. मोठ्या संस्थांना जो सरासरी भाव पडतो, तोच दहा हजार रुपये गुंतवणाऱ्यालाही मिळतो, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे.

केंद्राच्या दिनांकित रोख्यांच्या लिलावात अधिसूचित रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंतचा हिस्सा या गटासाठी ठेवला जातो. मागणी त्याहून अधिक झाल्यास प्रमाणशीर वाटप होते. एका रोख्यासाठी एकच बोली लावता येते. किमान रक्कम दहा हजार रुपये दर्शनी मूल्य असून पुढे दहा हजारांच्या पटीत वाढवता येते. अंतिम किंमत लिलावानंतरच ठरत असल्याने बोलीच्या वेळी थोडी अधिक रक्कम घेतली जाते; जास्तीची रक्कम वाटपानंतर परत केली जाते.

ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने याच माध्यमातून ट्रेझरी बिलांमध्ये नियमित हप्त्याने गुंतवणूक करण्याची सुविधा जाहीर केली. मुदत संपलेल्या बिलाची रक्कम पुन्हा नव्या बिलात गुंतवू इच्छिणाऱ्यांना प्रत्येक लिलावाची आठवण ठेवण्याचे त्यामुळे कारण उरत नाही.

ट्रेझरी बिलाचा हिशेब

समजा, ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाची किंमत प्रत्येकी शंभर रुपयांमागे ९८.७० रुपये ठरली. एक लाख रुपये दर्शनी मूल्यासाठी गुंतवणूकदाराला ९८,७०० रुपये भरावे लागतील आणि ९१ दिवसांनी एक लाख रुपये मिळतील. लाभ १,३०० रुपयांचा झाला. हा लाभ भरलेल्या रकमेने भागून, त्यास ३६५ ने गुणून ९१ ने भागल्यास वार्षिक परतावा निघतो. या उदाहरणात तो सुमारे ५.२८ टक्के येतो. बँकेच्या मुदत ठेवीशी तुलना करताना हाच वार्षिक परतावा विचारात घ्यावयाचा असतो.

दुय्यम बाजारातील खरेदी-विक्री

लिलावाची वाट न पाहता आधीच अस्तित्वात असलेले रोखे दुय्यम बाजारातून विकत घेता येतात, तसेच मुदतपूर्तीपूर्वी विकताही येतात. यासाठी ऑगस्ट २००५ पासून कार्यरत असलेली एनडीएस-ओएम ही इलेक्ट्रॉनिक व्यवहार प्रणाली वापरली जाते. रिटेल डायरेक्ट खातेदारांना तिच्यात थेट प्रवेश देण्यात आला आहे. व्यवहारांची पूर्तता क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था करते. ती खरेदीदार आणि विक्रेता या दोघांच्याही मध्ये उभी राहत असल्याने समोरच्या पक्षाने व्यवहार पूर्ण न करण्याचा धोका राहत नाही.

दिनांकित रोखा खरेदी करताना मागील व्याजतारखेपासून व्यवहारपूर्तीच्या दिवसापर्यंत साचलेले व्याज खरेदीदाराला विक्रेत्यास द्यावे लागते. पुढील व्याजतारखेला संपूर्ण सहा महिन्यांचे व्याज खरेदीदारालाच मिळत असल्याने ही रक्कम वाया जात नाही. परंतु पडद्यावर दिसणाऱ्या भावापेक्षा प्रत्यक्ष भरावयाची रक्कम अधिक का, याचे कारण येथे असते.

बाजारातील प्रमाणित व्यवहार पाच कोटी रुपयांचा असतो. त्याहून लहान व्यवहारांसाठी स्वतंत्र विभाग आहे. या विभागात उलाढाल मर्यादित असते आणि फारशा प्रचलित नसलेल्या रोख्यांना योग्य भावात ग्राहक मिळेलच असे नाही. यावर उपाय म्हणून जानेवारी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने एक योजना जाहीर केली व प्राथमिक विक्रेत्यांनी लहान गुंतवणूकदारांसाठी खरेदी-विक्रीचे भाव देण्याची व्यवस्था केली. तरीही मुदत ठेव मोडण्याइतके रोखा विकणे सुलभ आहे, असे गृहीत धरू नये.

सरकारी हमीचा अर्थ आणि तिची मर्यादा

बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे, मुद्दल व व्याज धरून, पाच लाख रुपये आहे. त्यापूर्वी ती एक लाख रुपये होती. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध लागू झाले, तेव्हा मोठ्या रकमा एकाच बँकेत ठेवणाऱ्या अनेक कुटुंबांना या मर्यादेची जाणीव झाली. केंद्र सरकारच्या रोख्यांना अशी मर्यादा नाही. दहा हजार रुपये असोत वा एक कोटी, संपूर्ण रकमेची परतफेड सरकारवर बंधनकारक असते. मुदतपूर्तीला पैसे न मिळण्याचा धोका येथे नगण्य मानला जातो, तो यामुळेच.

परंतु व्याजदरातील बदलांचा धोका सरकारी हमीने दूर होत नाही. बाजारातील व्याजदर वाढले की नवे रोखे अधिक कूपन दराने येतात आणि जुन्या, कमी दराच्या रोख्यांना पूर्वीच्या किमतीत कोणी घेत नाही. त्यांची किंमत घसरते. व्याजदर उतरले की याच्या उलट घडते. उर्वरित मुदत जितकी दीर्घ, तितका हा चढउतार तीव्र.

'५.८५ टक्के जीएस २०३०' या रोख्याचे उदाहरण यासंदर्भात बोलके आहे. त्याची मुदत १ डिसेंबर २०३० रोजी पूर्ण होते. २०२० च्या अखेरीस तो बाजारात आला, तेव्हा रेपो दर चार टक्के होता. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने हा दर वाढवण्यास सुरुवात केली आणि जून २०२२ मध्ये दहा वर्षांच्या रोख्यांवरील परतावा साडेसात टक्क्यांच्या आसपास पोहोचला. या परताव्याने गणित केल्यास १ जून २०२२ रोजी, साडेआठ वर्षे मुदत शिल्लक असलेल्या या रोख्याची किंमत शंभर रुपयांमागे सुमारे ८९ रुपये ८० पैसे निघते.

याचा अर्थ, प्रारंभी एक लाख रुपये दर्शनी किमतीने गुंतवलेल्या आणि दीड वर्षाने आजारपण, घरखरेदी किंवा अन्य कारणाने पैशांची निकड भासलेल्या व्यक्तीला विक्रीतून सुमारे ८९,८०० रुपये मिळाले असते. तोपर्यंत तीन सहामाहींचे ८,७७५ रुपये व्याज हाती आले असते. दोहोंची बेरीज ९८,५७५ रुपये होते, म्हणजे गुंतवलेल्या मुद्दलापेक्षाही कमी. सरकारने या काळात एकही व्याज चुकवलेले नाही, रोखाही तोच आहे. तोटा झाला तो मुदत आणि गरज यांचा मेळ न बसल्यामुळे. जिला पैशांची निकड भासली नाही, अशा व्यक्तीला मात्र ठरल्या दराने व्याज आणि १ डिसेंबर २०३० रोजी पूर्ण एक लाख रुपये मिळावयाचे आहेत. मधल्या काळातील घसरण तिच्यासाठी कागदावरचीच राहते.

अल्पमुदतीची दुसरी बाजू

ट्रेझरी बिलांची मुदत अल्प असल्याने त्यांच्या किमतीत असे मोठे चढउतार संभवत नाहीत. तथापि त्यांना वेगळी जोखीम असते. मुदत संपल्यावर रक्कम पुन्हा त्याच दराने गुंतवता येईल, याची शाश्वती नसते. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रेपो दर ६.५० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आणण्यात आला. वर्षाच्या प्रारंभी साडेसहा टक्क्यांच्या आसपास असलेला ९१ दिवसांच्या बिलांवरील परतावा वर्षअखेरीस साडेपाच टक्क्यांच्या खाली आला. व्याजावरच निर्वाह असलेल्या निवृत्त व्यक्तीने केवळ ट्रेझरी बिलांवर भिस्त ठेवली असल्यास तिचे उत्पन्न एका वर्षात लक्षणीय घटले असेल. दहा वर्षांचा रोखा घेतलेल्याचे सहामाही व्याज मात्र तेवढेच राहिले.

थोडक्यात, दीर्घ मुदतीचा रोखा उत्पन्न निश्चित करतो पण मधल्या काळातील किंमत अनिश्चित ठेवतो. अल्प मुदतीचे बिल मुद्दल सांभाळते पण पुढील उत्पन्न अनिश्चित ठेवते. महागाईचा दर परताव्यापेक्षा अधिक झाल्यास दोन्हींतील रकमेची क्रयशक्ती घटते, हेही लक्षात घ्यावे लागते.

करआकारणी

रोख्यांवरील व्याज करमुक्त नाही. ते गुंतवणूकदाराच्या उत्पन्नात मिळवून त्याच्या उत्पन्नस्तरानुसार कर आकारला जातो. तीस टक्के कराच्या स्तरातील व्यक्तीच्या बाबतीत ७.१० टक्के व्याजातून, अधिभार आणि उपकर न धरताही, ४.९७ टक्केच हाती राहतात. निवासी व्यक्तींना सर्वसामान्य सरकारी रोख्यांवरील व्याज उगमस्थानी करकपात न होता मिळते. मात्र त्यामुळे ते विवरणपत्रात दाखवण्याची जबाबदारी संपत नाही. ट्रेझरी बिलावरील लाभही उत्पन्नस्तरानुसार करपात्र असतो. दिनांकित रोखा १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ धारण करून नफ्याने विकल्यास २३ जुलै २०२४ पासूनच्या तरतुदींनुसार दीर्घकालीन भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के कर लागू होतो.

बचत रोख्यांचा पर्याय

बाजारातील चढउतार नको असलेल्यांसाठी भारत सरकारचे बदलत्या दराचे बचत रोखे २०२० उपलब्ध आहेत. ऑक्टोबर २०२३ पासून ते रिटेल डायरेक्ट माध्यमातूनही घेता येतात. त्यांची मुदत सात वर्षे असून किमान गुंतवणूक एक हजार रुपये आहे. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा ०.३५ टक्का अधिक व्याज त्यांवर दिले जाते आणि दर सहामाहीला दर नव्याने निश्चित होतो. जुलै ते डिसेंबर २०२५ या सहामाहीसाठी तो ८.०५ टक्के होता. १ जानेवारी आणि १ जुलै रोजी व्याज मिळते.

मात्र हे रोखे बाजारात विकता येत नाहीत. मुदतपूर्व परतफेडीची सवलत केवळ ज्येष्ठ नागरिकांना आहे. ६० ते ७० वर्षे वयोगटाला सहा वर्षांनंतर, ७० ते ८० वर्षे वयोगटाला पाच वर्षांनंतर आणि ८० वर्षांवरील व्यक्तींना चार वर्षांनंतर ती मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून वार्षिक दहा हजार रुपयांपेक्षा अधिक व्याजावर दहा टक्के दराने उगमस्थानी करकपात केली जाते. सुवर्ण रोख्यांची नवी मालिका फेब्रुवारी २०२४ नंतर काढण्यात आलेली नाही. पूर्वीचे रोखे मात्र दुय्यम बाजारात उपलब्ध असतात.

निवड करताना

रोख्याची निवड दरापासून नव्हे, तर पैशांची गरज कोणत्या तारखेला आहे, यापासून सुरू होणे हितावह ठरते. पुढील वर्षीचे महाविद्यालयीन शुल्क बाजूला ठेवावयाचे असल्यास ३६४ दिवसांचे ट्रेझरी बिल उपयुक्त ठरते. आठ-दहा वर्षांनी लागणाऱ्या रकमेसाठी त्या सुमारास मुदत पूर्ण होणारा दिनांकित रोखा घेतल्यास मधल्या किमतीची चिंता करण्याचे कारण राहत नाही. नियमित उत्पन्नाची अपेक्षा असणाऱ्यांना एकाच रोख्यात सर्व रक्कम न गुंतवता दोन, चार, सहा, आठ आणि दहा वर्षांनी मुदत पूर्ण होणाऱ्या रोख्यांत ती विभागता येते. त्यामुळे ठरावीक काळाने मुद्दलाचा काही भाग हाती येत राहतो आणि सर्व रक्कम एकाच व्याजदराच्या काळात अडकून पडत नाही.

आकस्मिक खर्चासाठीची रक्कम बचत खात्यात किंवा सहज मोडता येणाऱ्या ठेवीत वेगळी ठेवणे, ही या सर्व नियोजनाची पूर्वअट आहे. ती पाळली गेल्यास अवेळी विक्रीचा प्रसंग सहसा येत नाही आणि सरकारी हमीचा लाभ अखेरच्या दिवशी पूर्णांशाने पदरात पडतो.